वापरलेली रिकंबंट ट्राइक: रास्त भाव किती सांगावा?

खाडीकाठ, गुहागर | शनिवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. माझ्याकडे एक रिकंबंट ट्राइक आहे, म्हणजे मागे रेलून, पाय पुढे करून चालवायची तीनचाकी सायकल. पुढे दोन चाकं, मागे एक. (या रचनेला टॅडपोल म्हणतात. पुढे एक आणि मागे दोन असली तर डेल्टा.) अमेरिकी बनावटीची, अल्युमिनियमची फ्रेम, तिन्ही चाकं वीस इंची, पुढच्या दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, मागे नऊ गिअर, पुढे तीन. मॉडेल फोटोंत दिसेल.

२०१९ साली मागवली. सायकल, जहाजाचं भाडं आणि विमा मिळून दोन लाख झाले होते. सीमाशुल्क आणि जीएसटी भरून २,९८,००० ला पडली. आजवर साधारण ६,२०० किलोमीटर झाली. हेदवी, वेळणेश्वर तर नेहमीचंच. तवसाळहून फेरीबोटीनं जयगडला उतरून गणपतीपुळ्याला आणि धोपाव्याहून दाभोळला उतरून दापोलीला, असे लांबचे फेरेही केले. घाटीत वेग ताशी चार किलोमीटरवर आला तरी तीन चाकांमुळे तोल जात नाही. साठीकडे झुकलेल्या मला त्या चढांवर तिनंच नेलं.

गेल्या वर्षी खुब्याचं ऑपरेशन झालं. सीट जमिनीपासून जेमतेम फूटभर, आणि डॉक्टरांनी इतकं खाली बसायला कायमची मनाई केली आहे. आठ महिने ती पडवीत चादरीखाली उभी आहे. येता-जाता दिसते आणि जीव तुटतो. चालवणाऱ्या माणसाकडे जावी एवढंच वाटतं.

भावाचं मात्र गणित बसत नाही. चिपळूणच्या एका दुकानात विचारलं, ते ४० हजार म्हणाले, पण त्यांनी अशी वस्तू याआधी पाहिलेली नव्हती. भाचा म्हणतो अडीच लाखांच्या खाली बोलू नकोस. मी वर्षाला दहा हजार वजा करत २,४०,००० वर आलोय. जाहिरात टाकण्याआधी तुमचं मत हवं आहे. मला लुटायचं नाही आणि फुकटही घालवायची नाही.


सिंहगडरोड, पुणे | शनिवार, रात्री १०.०२

खाडीकाठ काका, भाव ठरवण्याआधी चार गोष्टी कळवा. बूम (पेडल ज्यावर बसवलेत ती पुढची नळी) मागे-पुढे सरकतो का? साखळी शेवटची कधी बदलली? पुढच्या टायरची झीज सारखी आहे की आतल्या बाजूनं जास्त? आणि घर समुद्रापासून किती लांब?


खाडीकाठ, गुहागर | रविवार, सकाळी ७.३५

समुद्र घरापासून चारशे पावलांवर. साखळी २०२२ ला बदलली. टायर उजव्या बाजूचा आतून जास्त झिजलाय, तुम्ही विचारल्यावर आज पहिल्यांदा नीट पाहिला. बूम मी माझ्या मापाला लावला तो लावलाच, नंतर कधी हलवला नाही.


बंदरमिस्त्री, हर्णै | रविवार, दुपारी १.२०

मी होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. सायकलीचा जाणकार नाही, पण खाऱ्या हवेत धातूचं काय होतं ते रोज हातात धरतो. म्हणून थोडं लांबण लावतो.

तुमच्या फ्रेमला तांबेरा दिसणार नाही, कारण ती अल्युमिनियमची. त्याच्यावरच माणूस फसतो. अल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते. जिथे स्टेनलेसचा बोल्ट अल्युमिनियमच्या आट्यांत बसलाय तिथे मधे खारं पाणी शिरलं, की दोन धातूंची बॅटरीच तयार होते आणि त्यात अल्युमिनियम खाल्लं जातं. बोल्ट वरून चकचकीत दिसतो, आतले आटे गेलेले असतात. सोडवायला गेलं की बोल्ट आट्यांसकट बाहेर येतो, नाहीतर डोकं तुटून आतच राहतो. होडीवर हे आम्ही वर्षातून दहा वेळा बघतो.

तेव्हा काका, आज एक काम करा. बूमचे क्लँपचे बोल्ट सैल करा आणि बूम हलतो का पाहा. नाही हलला तर तुमची ट्राइक फक्त तुमच्याएवढ्या लांब पायाच्या माणसालाच विकता येईल. गिऱ्हाइकं आधीच मोजकी, त्यातली निम्मी तिथेच गळतील. माझ्या मते हा एक मुद्दा भावात तीस-चाळीस हजारांचा फरक करतो.

अडकला असेल तर जोडावर भेदक तेल सोडा, रात्रभर मुरू द्या, सकाळी कापडावर गरम पाणी ओता आणि दोघांनी मिळून पिळल्यासारखा फिरवा. फटका लागलाच तर लाकडी हातोड्याचा. गॅसची ज्योत अजिबात लावू नका. या फ्रेमच्या अल्युमिनियमला कारखान्यात उष्णतेची प्रक्रिया करून ताकद दिलेली असते, ज्योतीनं ती त्या जागी उतरते. तडा गेलेली अल्युमिनियमची फ्रेम गावात वेल्डिंग करून भागत नाही ते याच कारणानं. लोखंडी, म्हणजे क्रोमोली नावाच्या पोलादाची असती तर गोष्ट वेगळी होती.

तड्यासाठी तीन जागा बघा: पुढची दोन चाकं धरणारा आडवा दांडा मधल्या नळीला जिथे मिळतो तो जोड, सीटखालचे जोड, आणि मागच्या चाकाचे कान (चाकाचा अक्ष ज्यांत बसतो ते). ओल्या फडक्यानं पुसून सकाळच्या तिरप्या उन्हात बघा, केसासारखी रेघ असली तरी दिसते. तडा निघाला तर सुट्या भागांचा भाव करायचा, सायकलीचा नाही.


मालवणी_चेडो | रविवार, दुपारी ३.४८

काकानू, भाव मगे. आधी माका सांगा, चालवून बघूक गावतला काय? नुसते फोटो बघून लाखभर रुपये कोण देतलो? अशी सायकल मी जन्मात बघूक नाय. चार लोकांनी बसान बघल्याशिवाय तिची किंमत कोणाकच कळाची नाय.


हिशोबवही, ठाणे (मूळ संगमेश्वर) | रविवार, रात्री ८.१५

घटीच्या हिशोबाबद्दल बोलतो. वर्षाला दहा हजार वजा करणं ही चुकीची सुरुवात आहे. तुम्ही काय दिलंत यापेक्षा आज तीच वस्तू नवी आणायला काय पडेल, हे आधी धरावं.

तुमचे आकडे जुळतात. दोन लाखांवर तेव्हाचं मूळ सीमाशुल्क ३० टक्के म्हणजे ६०,०००, त्यावर समाजकल्याण अधिभार १० टक्के म्हणजे ६,०००. झाले २,६६,०००. त्यावर १२ टक्के जीएसटी ३१,९२०. एकूण २,९७,९२०.

आता पुढे काय झालं? २०२३ च्या अर्थसंकल्पात सायकलींवरचं शुल्क ३० वरून ३५ टक्क्यांवर गेलं, पण त्यावरचा अधिभार निघाला. उलट २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. या दोन्हींनी एकमेकांची वजाबाकी होते असं धरा. खरा फरक रुपयाचा आहे. २०१९ ला डॉलर सत्तरच्या आसपास होता, आता नव्वदीच्या आसपास आहे. तेव्हा दोन लाखांची वस्तू परदेशातला भाव तसाच राहिला असं मानलं तरी आज अडीच लाखांची. त्यावर ३५ टक्के ८७,५००, बेरीज ३,३७,५००, त्यावर ५ टक्के जीएसटी. म्हणजे साडेतीन लाखांच्या थोडं वर.

मी स्वतः दोन वर्षं परदेशातल्या जुन्या ट्राइकच्या जाहिराती बघत होतो. नीट ठेवलेली, पाच-सहा वर्षांची टॅडपोल नव्याच्या निम्म्याच्या आसपास सांगितलेली मला बहुतेक वेळा दिसली. त्या मापानं तुमचा आकडा १,७५,०००. त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा.


सिंहगडरोड, पुणे | रविवार, रात्री ९.०५

हिशोबवही, आकडे पटले, पण एक शंका आहे. भरलेला कर घेणाऱ्यानं का सोसावा? कर सरकारकडे गेला, तो सायकलीत नाही.


हिशोबवही, ठाणे | रविवार, रात्री ९.३०

कारण घेणाऱ्यापुढे दुसरा मार्ग परदेशातून मागवण्याचाच असेल, तर तोच कर त्यालाही चुकत नाही. अशा ट्राइक बनवणाऱ्या कंपन्या बघा: आयसीई इंग्लंडची, एचपी वेलोटेक्निक जर्मनीची, ग्रीनस्पीड मूळची ऑस्ट्रेलियाची, कॅट्राइक अमेरिकेची. कुठूनही आणा, बंदरावर शुल्क आहेच. इथल्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी ट्राइक बनवून घेणारे आहेत, हे मान्य. ती स्वस्त पडते, पण जड होते आणि पुढच्या चाकांचं स्टिअरिंग जमलं नाही तर टायर महिन्यात उडतात. ज्याला ती चालेल त्यानं ती घ्यावी. तो काकांचा गिऱ्हाईकच नाही.


जुनीचाकं, सावंतवाडी | रविवार, रात्री ११.१२

अवांतर वाटेल, पण या सायकली इतक्या दुर्मीळ आणि महाग का, त्याचं एक कारण नव्वद वर्षं जुनं आहे. ७ जुलै १९३३ ला पॅरिसमध्ये फ्रान्सिस फॉर या सायकलपटूनं चार्ल्स मोशे यांनी बनवलेल्या आडव्या दुचाकीवर तासाभरात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापलं आणि ऑस्कर एगचा १९१४ पासूनचा ४४.२४७ चा विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेनं सायकलीची व्याख्या अशी केली की आडव्या सायकली शर्यतींतून बाहेर पडल्या. ज्या यंत्राला शर्यत नाही त्याकडे मोठे कारखाने वळले नाहीत. आजही हे काम छोट्या कंपन्याच करतात. संख्या थोडी, म्हणून किंमत जास्त. काकांनी दुकानदाराच्या चाळीस हजारांचं मनाला लावून घेऊ नये. त्यांनी साध्या सायकलीचं माप लावलं.


माजघर, रत्नागिरी | सोमवार, सकाळी ११.४०

काका, मी सायकलवाली नाही. माझ्या यजमानांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. आता काठीनं चालतात, पण डावा हात आणि डावा पाय कमजोर आहे आणि तोल राहत नाही. आधी ते रोज भाट्याच्या पुलापर्यंत सायकलनं जाऊन यायचे. फिजिओथेरपिस्टनी तीनचाकीचं सुचवलं तेव्हापासून शोधतेय. नवी साडेतीन लाखांची आमच्या आवाक्यात नाही.

माझे प्रश्न थोडे वेगळे आहेत. एका हातानं दोन्ही ब्रेक दाबता येतात का? गिअर उजवीकडेच घेता येतात का? डावा पाय पेडलवरून घसरला तर? यांची उंची ५ फूट ५ इंच आहे, तुमची ५ फूट ९ फोटोखाली लिहिलेली दिसली.

आणि एक विनंती. हे वाचून आमच्यासाठी भाव कमी करू नका. जो भाव सगळ्यांना तोच आम्हाला सांगा, म्हणजे मला मोकळेपणानं प्रश्न विचारता येतील.


सिंहगडरोड, पुणे | सोमवार, दुपारी १२.२५

ताई, तिन्ही गोष्टी होतात. या ट्राइकला डाव्या मुठीनं डावा आणि उजव्या मुठीनं उजवा ब्रेक लागतो. एका मुठीतून दोन केबल ओढणारा लिव्हर मिळतो, तो उजवीकडे बसवला की दोन्ही चाकं एकदम धरतात. केबल सारख्या ताणायला हव्यात, नाहीतर ब्रेक मारल्यावर सायकल एका बाजूला ओढते. गिअरचे दोन्ही शिफ्टर उजवीकडे आणता येतात. पायासाठी टाच धरणारे, पट्ट्यांचे पेडल येतात. ते नक्की घ्या, कारण रिकंबंटवर पाय घसरून खाली गेला तर चालत्या सायकलीच्या खाली ओढला जातो आणि घोटा मोडू शकतो. या सगळ्याला मिळून पाच-सहा हजार धरा.

खरी अडचण उठण्याची आहे. इतक्या खालून एका पायाच्या जोरावर उठणं जमतं का ते आधी घरी फूटभर उंचीच्या पाटावर बसवून बघा, शेजारी कोणी धरायला असताना. ते जमलं तरच गुहागरला जा.


खाडीकाठ, गुहागर | बुधवार, रात्री ८.५०

मंडळी, तीन दिवस हेच करत होतो. जे सापडलं ते सगळं लिहितो.

बूम अडकलेलाच होता. बंदरमिस्त्रींनी सांगितलं तसं दोन रात्री तेल मुरवलं, आज सकाळी भाच्यानं आणि शेजाऱ्यानं गरम पाणी ओतून पिळला तेव्हा करकर करत सुटला. आतून वाटीभर पांढरी भुकटी निघाली. मला लाज वाटली. सहा वर्षांत एकदाही काढून पुसला नव्हता. आता साफ करून ग्रीस लावून बसवलाय, बोटानं सरकतो. क्लँपच्या दोन बोल्टांपैकी एकाचे आटे गेलेत, तिथे नवे आटे घालून घेणार.

तडा कुठे नाही. तीनही जागा उन्हात तपासल्या, भिंग लावून.

पुढची चाकं अक्षाच्या उंचीवर पुढून आणि मागून मोजली. पुढे अंतर मागच्यापेक्षा मिलिमीटर-दोन मिलिमीटर कमी असायला हवं, माझ्याकडे उलट सहा मिलिमीटर जास्त निघालं. टायर आतून का झिजला ते कळलं. स्टिअरिंगच्या दांड्याचे दोन रॉड एंड (टोकाचे फिरते सांधे) सैल झालेत. बदलायला हवेत. एका टोकाला उलटे आटे असतात हे दुकानात गेल्यावर कळलं, सुलट्या आट्यांचे दोन घेऊन परत आलो होतो.

साखळी ताणलेली आहे. साध्या सायकलीच्या जवळजवळ तीन साखळ्या जोडून हिची एक होते, तेव्हा खर्चही तिप्पट. सीटची जाळी उन्हानं कडक झालीय. ताडपत्र्या शिवणारा एकजण नवी करून देतो म्हणालाय. ब्रेकचे पॅड अर्धे शिल्लक.

सगळा खर्च काढला: साखळ्या साडेचार हजार, पुढचे दोन टायर पाच हजार, जाळी दीड हजार, रॉड एंड, केबल, आटे आणि किरकोळ मिळून तीन-साडेतीन. साधारण १४-१५ हजार. हे मी करून विकावं, की तसंच सांगून भावात कमी करावं?


बंदरमिस्त्री, हर्णै | बुधवार, रात्री ९.२२

करून विका. पंधरा हजारांचं काम घेणाऱ्याला पन्नासचं वाटतं, कारण त्याच्या गावात हे करणारा कोणी नाही. आणि जुन्या जाळीचा, घासलेल्या टायरचा फोटो ठेवा, बदललेले भाग पिशवीत भरून बरोबर द्या. माणूस समोर बघतो तेव्हा विश्वास बसतो.

टायर घेताना सांभाळा. वीस इंचीत दोन मापं आहेत. तुम्हाला ४०६ मिलिमीटर रिमचं हवं, टायरवर २० × १.५ किंवा १.७५ असं लिहिलेलं. २० × १ ३/८ लिहिलेलं असेल तर ते ४५१ चं, ते बसत नाही. ४०६ चा फायदाही जाहिरातीत लिहा, कारण पोरांच्या वीस इंची सायकलीची ट्यूब अडीअडचणीला चालते आणि ती देवगडच्या बाजारातही मिळेल.


हिशोबवही, ठाणे | बुधवार, रात्री १०.१०

मी माझा आकडा थोडा बदलतो. निम्मा भाव, १,७५,०००, हा जिथे आसपास दुकान आहे, दुसरं गिऱ्हाईक आहे, तिथला. कोकणात घेणारा स्वतःच मिस्त्री होणार, कंपनीची हमी पहिल्या मालकाबरोबर बहुधा संपलेली, आणि पुढे त्याला विकायची झाली तर हीच शोधाशोध. त्याबद्दल पाचवा हिस्सा कमी करणं मला रास्त वाटतं. दुरुस्ती करून १,४०,०००.

सांगायचा आणि सुटायचा असे दोन भाव ठेवू नका. हा धागा उघडा आहे, तुमचा खालचा आकडा इथे लिहिलात की तोच भाव झाला.


मालवणी_चेडो | बुधवार, रात्री १०.४१

एकच भाव बरो. आणि चालवून बघूक शाळेच्या मैदानात बोलवा, पुळणीवर नको. रेती नि खारा पाणी परत सगळ्या सांध्यांत जातला.


जुनीचाकं, सावंतवाडी | गुरुवार, सकाळी ८.०५

भावाशी थेट संबंध नाही पण वाहतुकीचं आधीच ठरवा, नाहीतर शेवटी त्यावरूनच व्यवहार मोडतो. सीट आणि मागचं चाक काढलं, बूम पूर्ण आत घेतला तरी पुढची रुंदी अडीच फुटांच्या वर राहते. साध्या सायकलीच्या खोक्यात बसत नाही. पुण्या-मुंबईकडून किराणा घेऊन येणारे टेम्पो आंब्याचा हंगाम सोडून रिकामे परततात, त्यांच्याशी बोलून ठेवा. भाडं घेणाऱ्याचं, बांधून चढवून देणं तुमचं, असं जाहिरातीतच लिहा.


माजघर, रत्नागिरी | गुरुवार, दुपारी २.१५

पाटावरून उठून बघितलं. पहिल्या दिवशी जमलं नाही. काल आणि आज मुलानं उजव्या बाजूनं नुसता हात दिला आणि उठले. आज तर दोनदा. थेरपिस्टना विचारलं, त्या म्हणाल्या सपाटीवर, बरोबर माणूस असताना हरकत नाही.

१,४०,००० आम्हाला जमण्यासारखे आहेत, मुलगा थोडे घालतोय. ब्रेकचा तो एका मुठीचा लिव्हर आम्ही आमच्या खर्चानं आणू. रविवारी जयगडहून फेरीनं तवसाळला उतरून येऊ का? नाही जमली तर नाही म्हणून सांगेन, तुम्ही वाट बघत थांबू नका.


खाडीकाठ, गुहागर | गुरुवार, संध्याकाळी ६.३०

या ताई. भाव १,४०,०००, सगळ्यांना हाच. आज जाहिरातही लिहून ठेवली, त्यात बूम अडकला होता ते, उलट-सुलट आट्यांचे रॉड एंड, जुने टायर, सगळं आहे. रविवारी तुम्ही बघून जाईपर्यंत टाकत नाही.

रॉड एंड आज बसवले, चाकं आता दीड मिलिमीटरवर आहेत. बूम तुमच्या मापानं दोन इंच आत घेतलाय. त्यामुळे साखळी वरून-खालून मिळून चार इंच सैल झाली. नवी साखळी त्याच मापाला तोडून लावतो आणि काढलेल्या कड्या पिशवीत ठेवतो. माप जमलं नाही तर परत जोडता येतील.

मैदान घरापासून जवळ आहे, सकाळी नऊनंतर ऊन चढतं, तेव्हा पहिली फेरी पकडा. मुलाला नक्की आणा. उजव्या बाजूनं त्यानं उभं राहायचं. मी सीटजवळ पाट आणि आमच्या माजघरातली जुनी लाकडी घडवंची आणून ठेवतो, मला ऑपरेशनच्या आधी शेवटचे दोन महिने तिच्यावर हात टेकूनच उठता यायचं.